आजोबांचं डिस्चार्ज बुक आणि एक घडीचा फॉर्म – वाचायला मदत हवी (मराठा पलटण, दुसरं महायुद्ध)

मेधा_क

नमस्कार मंडळी. माझे आजोबा (वडिलांचे वडील) दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. त्यांचं डिस्चार्ज बुक, घड्या घातलेला एक लांबलचक फॉर्म आणि तीन पदकं काकांकडे होती. काकांनी ती आता माझ्या ताब्यात दिली आहेत. अक्षर बारीक आहे, शाई उडालीये आणि अर्ध्या नोंदी म्हणजे नुसती आद्याक्षरं. जे लागलं ते असं:

भरती डिसेंबर १९३९, बेळगाव. वय 'अपॅरंटली १८'. जिल्हा सातारा (गाव आज सांगली जिल्ह्यात आहे). आधी '१०/५ एम.एल.आय.', मग '२/५ एम.एल.आय.'. १९४१ मध्ये 'एम्ब. बॉम्बे', पुढे 'एम.ई.एफ.'. त्यानंतर 'मिसिंग २१-६-४२', खाली वेगळ्या शाईत 'पी.डब्ल्यू.'. मग एकदम १९४५, 'रिपॅट'. १९४६ मध्ये सुटका, कारण 'रिडक्शन ऑफ एस्टॅब्लिशमेंट', चारित्र्य 'गुड'.

घरात दोन गोष्टी सांगतात. आजी म्हणायची, "ते जर्मनीत होते." चुलतभावाचं म्हणणं, आजोबा आझाद हिंद सेनेत गेले आणि म्हणूनच त्यांना पेन्शन मिळाली नाही. यातलं खरं काय, हे या कागदांवरून कळेल का? आणि अजून कागद मिळवायचे तर कुठे?

टवाळ_भाऊ

चारित्र्य नुसतं 'गुड'? आमच्या आजोबांचं 'एक्झेम्प्लरी' आहे हो. ;)

बाकी धागा वाचतोय. आमच्याकडेही एक पेटी आहे.

आप्पा_बेळगावकर

मेधाताई, कागद चांगले जपलेत. बहुतेकांकडे नुसतं पदक असतं आणि त्याभोवती विणलेली कहाणी. मी नोकरीत असताना असले कागद पुष्कळ हाताळलेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी पलटण आणि तारखा एका कागदावर उतरवा. पदकं तूर्त बाजूला ठेवा. शौर्य, लढाई, हे सगळं नंतर. नंबर, पलटण, तारीख या तिन्ही गोष्टी जुळल्या की निम्मं काम झालं.

'५ एम.एल.आय.' म्हणजे फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री, हे रेजिमेंटचं तेव्हाचं नाव. तिरप्या रेघेआधीचा आकडा बटालियनचा. १०/५ ही बेळगावची ट्रेनिंग बटालियन, म्हणजे तिथे ते रंगरूट होते. मग २/५ मध्ये, खऱ्या पलटणीत. 'एम्ब.' म्हणजे बोटीत चढले, 'एम.ई.एफ.' म्हणजे मिडल ईस्ट फोर्स, त्यात इजिप्त-लिबिया आलं. इटलीला गेलेल्यांच्या कागदावर 'सी.एम.एफ.' दिसतं, इराक-इराणवाल्यांच्या कागदावर 'पायफोर्स'.

आता २१-६-४२. त्या दिवशी लिबियातलं तोब्रुक पडलं. २० जूनला सकाळी जर्मन सेनापती रोमेलचा हल्ला तटबंदीच्या आग्नेय बाजूवर आला आणि तिथे तुमच्या आजोबांचीच पलटण, २/५ मराठा, मोर्चावर होती. ती ११ व्या इंडियन ब्रिगेडमध्ये होती, सोबत कॅमेरून हायलँडर्स आणि २/७ गुरखा. दुसऱ्या दिवशी किल्लेदाराने शरणागती दिली. सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. तेव्हा 'मिसिंग' वाचून आजोबा एकटेच कुठे वाळवंटात हरवले असं समजू नका. पलटणच्या पलटण गेली, आणि पाठीमागच्या कारकुनाने सगळ्यांपुढे एकच तारीख घातली. 'पी.डब्ल्यू.' म्हणजे युद्धकैदी, ही नोंद नंतरची, कारण कैद्यांची नावं शत्रूकडून रेड क्रॉसमार्फत यायला महिने लागत. शाई वेगळी आहे ती त्यामुळेच.

आणखी एक. त्या लांब फॉर्मवर 'कॅज्युअल्टी' नावाचा रकाना असेल. तो बघून घाबरू नका. बदली, रजा, दवाखाना, बढती, सगळं त्यातच लिहीत.

मेधा_क

आप्पा, खूप खूप आभार. तोब्रुक हे नावही घरात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. हो, रकाना आहे. त्यात '१०/५' च्या काळात दोनदा 'आय.जी.एच.' लिहिलंय आणि पुढे तारखा.

आप्पा_बेळगावकर

इंडियन जनरल हॉस्पिटल. भरतीनंतर लगेच असेल तर बहुतेक गोवर, गालगुंड, मलेरिया. नवीन पोरं बराकीत एकत्र आली की हे व्हायचंच. जखम असती तर 'वुंडेड' असा वेगळा शब्द आणि बहुधा 'सी.सी.एस.' म्हणजे कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशनची नोंद आधी आली असती.

'रिडक्शन ऑफ एस्टॅब्लिशमेंट' म्हणजे युद्ध संपलं, फौज कमी केली, घरी पाठवलं. यात काही काळं नाही. ४५-४६ साली लाखो लोक याच शेऱ्यावर सुटले. आणि पेन्शन न मिळण्याचं कारणही इथेच आहे: युद्धापुरती भरती, सहा-सात वर्षांची नोकरी, त्यावर पेन्शन बसत नव्हती. ग्रॅच्युइटी देऊन मोकळं करत.

@टवाळ_भाऊ, एक्झेम्प्लरी, व्हेरी गुड, गुड, फेअर, इंडिफरंट अशी उतरंड असते. 'गुड' असणारे असंख्य आहेत. गंभीर शिक्षा झाली असेल तर ती लाल शाईत असते, चारित्र्याच्या शेऱ्यात शोधू नका.

निळावंती

मेधा, आजींचं "जर्मनीत होते" बरोबर असण्याची शक्यता दाट आहे. मला युरोपातल्या भारतीय युद्धकैद्यांच्या विषयात रस आहे म्हणून लिहिते.

तोब्रुकचे कैदी आधी इटालियनांच्या ताब्यात गेले. इटलीत आवेत्सानो गावाजवळ ९१ नंबरचा कँप होता, तो खास भारतीय कैद्यांचा. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीचा युद्धविराम जाहीर झाला. काही कैदी डोंगरात पळाले, इटालियन शेतकऱ्यांनी त्यांना लपवलं. बाकीच्यांना जर्मनांनी उचलून जर्मनीत आणि फ्रान्समध्ये नेलं. फ्रान्समधल्या एपिनालच्या कँपवर ११ मे १९४४ ला अमेरिकी विमानांचे बॉम्ब पडले, तटबंदी फुटली आणि त्या गोंधळात निसटलेले शेकडो भारतीय चालत स्वित्झर्लंडला पोचले. हा प्रसंग आपल्याकडे जवळजवळ कुणाला माहीत नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

तुझ्या आजोबांचं 'रिपॅट', म्हणजे मायदेशी पाठवणी, ४५ चं आहे. स्वित्झर्लंडला पोचलेले लोक ४४ च्या शरद ऋतूतच बाहेर पडू लागले होते, त्यामुळे हे बहुधा शेवटपर्यंत कैदेत होते. 'रिपॅट' च्या आधी किंवा नंतर 'यू.के.' असं काही दिसतंय का? जर्मनीतून सुटलेल्या भारतीय कैद्यांना आधी इंग्लंडला नेऊन मग बोटीने मुंबईला आणलं होतं.

मेधा_क

आत्ता भिंग लावून पाहिलं. 'एक्स यू.के.' आहे! मी 'एक्स' म्हणजे फुली समजून सोडून दिलं होतं.

निळावंती

म्हणजे यू.के. हून आले. झालं, आजी बरोबर.

आझाद हिंदबद्दल: आग्नेय आशियातली आझाद हिंद सेना मुख्यतः १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडल्यावर जपानच्या हाती लागलेल्या भारतीय सैनिकांतून उभी राहिली. तुझे आजोबा त्या भागात नव्हतेच. युरोपात मात्र नेताजींनी जर्मनीत भारतीय कैद्यांमधून 'फ्री इंडिया लीजन' उभी केली होती, तिची भरती आनाबुर्गच्या कँपात झाली. म्हणजे चुलतभावाचं म्हणणं अशक्य कोटीतलं नाही. पण शक्य असणं आणि घडलेलं असणं यात फरक आहे. युरोपातल्या हजारो भारतीय कैद्यांपैकी लीजनमध्ये गेले ते थोडे.

आप्पा_बेळगावकर

यात माझी थोडी भर. युद्धानंतर परत आलेल्या कैद्यांची चौकशी व्हायची. 'पांढरे', 'करडे', 'काळे' अशी वर्गवारी होती, आझाद हिंदशी संबंध किती यावरून. करड्या-काळ्यांच्या सुटकेचं कारण सहसा वेगळं असे, आणि कैदेच्या काळातल्या पगारावरही गदा येई. मेधाताईंच्या कागदावर सरळ 'रिडक्शन' आहे, चारित्र्य 'गुड' आहे. यावरून मी तरी लीजनच्या बाजूने कौल देणार नाही. पक्का पुरावा हवा असेल तर शीट रोल, म्हणजे सैनिकाच्या नोकरीच्या नोंदींचा मूळ कागद, बघावा लागेल. तो लांब फॉर्म शीट रोलचाच उतारा असावा असं वर्णनावरून वाटतंय. मागच्या बाजूला वारसांची नावं आहेत का?

मेधा_क

आहेत! पणजी, आणि एक 'ब्रदर'. या भावाचं नाव आम्ही कुणी कधीच ऐकलेलं नाही. काकांना विचारलं तर तेही गप्प.

रानवाटा

हे भारी आहे. वंशावळीसाठी लढाईपेक्षा ही वारसांची बाजूच जास्त उपयोगाची. गाव, पोस्ट, ठाणे, तालुका, जवळचं रेल्वे स्टेशन, सगळं लिहिलेलं असतं. तलाठी दप्तरात त्या भावाचं नाव जुन्या फेरफारात सापडू शकेल.

माझाही प्रश्न घुसडतो, माफी असावी. आमचे खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला' गेले आणि परत आले नाहीत. गाव तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं, आता सिंधुदुर्गात. घरात एक पदक आहे, कडेवर नंबर, 'सिपॉय', नाव आणि '११० मराठा'. गावात संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, इतके कामी आले. नावं मात्र नाहीत.

आप्पा_बेळगावकर

त्या पाट्या साताऱ्यापासून कोकणापर्यंत गावोगाव आहेत, साताऱ्याचं अपशिंगे तर त्यासाठी प्रसिद्धच. नावं नसतात, नुसते आकडे.

पहिल्या महायुद्धात नंबर रेजिमेंटचा नसून पलटणीचा असे. म्हणजे ११० व्या पलटणीत जो नंबर, तोच ११४ व्या पलटणीत दुसऱ्या माणसाचा असू शकतो. नुसत्या नंबरावर शोध घेतला की भलत्याचे आजोबा गळ्यात पडतात. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी अनुक्रमे पहिली, दुसरी, तिसरी, चौथी आणि पाचवी बटालियन झाल्या, आणि ११४ ची झाली ट्रेनिंग बटालियन. तेव्हा तुमची ११० वी म्हणजे पुढची ३/५.

११० वी मराठा जनरल टाउनशेंडच्या सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये होती. सोबत १०३ आणि ११७ पण. हे सगळे आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकले आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेले. सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यातले साधे शिपाई रस-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपले. फार लोक मेले.

रानवाटा

म्हणजे बसऱ्यात मेलेच नसतील? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर एक नाव मिळतंय, 'बसरा मेमोरियल' असं लिहिलेलं. तारीख १९१६ च्या ऑक्टोबरातली.

निळावंती

बसरा स्मारक हे मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेत गेलेल्या आणि थडगं माहीत नसलेल्या सगळ्यांचं आहे. मृत्यू कुठेही झालेला असू शकतो. ऑक्टोबर १९१६ म्हणजे कूत पडून सहा महिने झालेले, पलटण ११० वी, तर बहुधा कैदेतला मृत्यू. रेड क्रॉसचं पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या नोंदींचं दप्तर ऑनलाइन आहे, फुकट आहे, पण कार्डं फ्रेंचमध्ये आणि शोधायची पद्धत वेळखाऊ. पाहा तरी.

हीच गोष्ट खडकीच्या स्मारकाची. तिथे नाव कोरलंय म्हणजे माणूस खडकीत गेला असं नाही. भारत-पाकिस्तानातल्या ज्या जुन्या छावणी-दफनभूमी सांभाळणं शक्य नव्हतं, तिथल्या लोकांची नावं खडकीत आणली. आणि हिंदू सैनिकांचं दहन होई, त्यामुळे 'कबर कुठे' हा प्रश्नच चुकीच्या दिशेने नेतो. इटलीत फोर्लीला दहन झालेल्यांचं वेगळं स्मारक आहे. नाईक यशवंत घाडगे, ३/५ मराठा, १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण नाव आहे इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर.

जाता जाता: बसऱ्याचं स्मारक १९९७ मध्ये सद्दामने हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलं.

ऋतुराज_स

शोधताना स्पेलिंगची काळजी घ्या. जुन्या कागदांत 'मराठा' च्या स्पेलिंगमध्ये एक जादा एच आणि दोन टी असतात. जाधवचा जाधाव, पवारचा पोवार, सावंतला डब्ल्यूच्या जागी व्ही. आडनाव लावलेलंच असेल असंही नाही, नुसतं स्वतःचं नाव आणि बापाचं नाव. मी तर आधी गाव आणि बापाच्या नावावर शोधतो, आडनाव शेवटी.

जिल्हेही जुने धरा. सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला, सिंधुदुर्ग १९८१ मध्ये, रायगड तेव्हा कुलाबा. कोल्हापूर, सावंतवाडी ही संस्थानं.

आणि जातीचा रकाना आंधळेपणाने मानू नका. ज्या वर्गाची भरती उघडी असेल त्यात नाव घातलेलं असतं, कुणबी घरचा मुलगा 'मराठा' म्हणून लागलेला सर्रास दिसतो.

भीमाकाठ

ऋतुराज, यात एक महत्त्वाची गोष्ट राहिली. महार सैनिकांचे कागद शोधणाऱ्यांनी मराठा पलटणीत वेळ घालवू नये. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण १९१७ ला उभी केली आणि १९२१ ला मोडली. मग दोन दशकं दारं बंद. आजची महार रेजिमेंट ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावलाच उभी राहिली, तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे, चौकशी तिथे. आमच्या आजोबांचा माग तिथूनच लागला. मधल्या काळात सैन्यात असल्याचं घरचे सांगत असतील तर मजूर, हमाल, दवाखान्याच्या तुकड्याही बघा. अशा लोकांना पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल काशाचं मिळे, लढणाऱ्यांना चांदीचं. पदकाचा धातूसुद्धा बोलतो.

टवाळ_भाऊ

पदकांचा विषय निघाला म्हणून, आमच्या आजोबांकडे बर्मा स्टार आहे. म्हणजे ते जपान्यांशी लढले ना?

ऋतुराज_स

लढलेही असतील. पण बर्मा स्टार आसाम-बंगालमधल्या ठरावीक काळातल्या नोकरीवरही मिळे, म्हणजे ब्रह्मदेशात पाऊल न ठेवता. पलटण सांगा, ४/५ मराठा असेल तर मार्च १९४४ ला मणिपुरातल्या सांगशाकला होती, तिथे खरोखर जोरदार लढाई झाली.

इंडिया सर्व्हिस मेडल असेल तर ते भारतातल्या तीन वर्षांच्या बिगर-लढाऊ नोकरीचं. वॉर मेडल तर २८ दिवस नोकरी केलेल्या कुणालाही. पण एक सोय आहे: ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची पदकं कोरी मिळाली, भारतीयांना नावानिशी. स्टारच्या मागच्या बाजूला आणि गोल पदकाच्या कडेवर नंबर-नाव कोरलेलं असतं. कोरं असेल तर बाजारातून आणून बसवलेलं असू शकतं.

मेधा_क

तिन्हींवर नाव आहे, नंबर बुकाशी जुळतो. ३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, वॉर मेडल. आता मूळ शीट रोल कसा मिळवू? आणि लंडनहून काही मागवता येतं का?

आप्पा_बेळगावकर

लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये भारतीय शिपायांच्या वैयक्तिक फायली नाहीत. पुष्कळ लोक तिथे पैसे घालवतात. तिथे पहिल्या महायुद्धाची मेडल कार्डं आहेत आणि दोन्ही युद्धांच्या पलटणींच्या वॉर डायऱ्या: पहिल्या युद्धाच्या 'डब्ल्यू.ओ. ९५', दुसऱ्यात मध्यपूर्वेच्या 'डब्ल्यू.ओ. १६९', इटलीच्या '१७०', ब्रह्मदेशाच्या '१७२' या मालिकांत. डायरीत शिपायाचं नाव क्वचित, पण पलटण कुठल्या दिवशी कुठे होती ते असतं. तारखा जुळवून बघायच्या. भारतीय पलटणींच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या फायली ब्रिटिश लायब्ररीत. पंजाबच्या पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची लाहोरची रजिस्टरं ऑनलाइन आली त्याचा गाजावाजा झाला, पण त्यात आपल्याकडचे लोक नाहीत.

शिपायाचे कागद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठ्यांचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, मेडिकल कोअरचं लखनौला, सिग्नल्सचं जबलपूरला. फाळणीत जी रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली तिचे कागद तिकडे.

आता खरी अडचण. पेन्शन नसलेल्या सैनिकाची फाइल सुटकेनंतर २५ वर्षं ठेवून नष्ट करतात. आजोबा ४६ ला सुटले, म्हणजे मूळ शीट रोल आता नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून तुमच्या हातातला तो लांब फॉर्म लाखमोलाचा. लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

पण फाइल गेली तरी 'लाँग रोल' राहतो. ते कायम ठेवायचं रजिस्टर, एका माणसाला एक ओळ: नंबर, नाव, भरती, सुटका, सुटकेचं कारण. अर्ज करताना "सर्व्हिस रेकॉर्ड द्या" एवढंच लिहिलं तर उत्तर येतं, नष्ट केलं. त्यात "लाँग रोलमधील नोंदीची प्रत" असं स्पष्ट लिहा. नंबर, पलटण, वडिलांचं नाव, जुना जिल्हा, भरती-सुटकेच्या तारखा, तुमचं नातं आणि त्याचा पुरावा जोडा.

साध्या अर्जाला उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार, फी १० रुपये. खासगी माहिती म्हणून नाकारलं तर कलम ८(३) दाखवा, वीस वर्षांपूर्वीच्या घटनेला ती पळवाट लागू होत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जा. राज्य सरकार दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मानधन देतं. आजींनी कधी अर्ज केला असेल तर त्यांच्याकडे कागद निघेल.

मेधा_क

आजींना मानधन मिळायचं! वडील साताऱ्याला घेऊन जायचे त्यांना. मग सातारा की सांगली कार्यालय?

आप्पा_बेळगावकर

मानधन जिथून मिळायचं तिथेच आधी. म्हणजे सातारा. पीपीओ (पेन्शनचा आदेश) नसला तरी मानधनाचा नोंदणी क्रमांक बँकेच्या जुन्या पासबुकात सापडेल.

निळावंती

आणि जिनिव्हाच्या रेड क्रॉसकडे दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांच्या नोंदी आहेत, नातेवाइकांना मिळतात. वर्षातून ठरावीक वेळीच अर्ज घेतात आणि संख्या भरली की खिडकी बंद, त्यामुळे तारखेवर नजर ठेव. अर्जात 'तोब्रुक, २१ जून १९४२, २/५' आणि नंबर लिही. आवेत्सानो असं गृहीत धरून लिहू नको, कँप त्यांनाच सांगू दे.

मेधा_क

ठीक. बेळगावचा आणि साताऱ्याचा अर्ज या आठवड्यात टाकते. आजोबांच्या त्या भावासाठी तलाठी ऑफिसात काकांना पाठवतेय, ते कुरकुरत तयार झालेत. चुलतभावाला धाग्याची लिंक दिली आहे. तो म्हणतो, लीजनचं तो अजून सोडणार नाही.